पुंगळ्या धुणारा ढोल

मित्रांनो, ढोल म्हटलं की तुम्हाला वाजवायचा आठवेल. मी तसला नाही. सांडपाण्याच्या जाड पाइपाचा, दोन्ही तोंडांना झाकणं असलेला मी एक जुना, फिरणारा ढोल. उत्तर मिशिगनमधल्या अर्वो कोस्कीने मला त्याच्या गॅरेजमध्ये घरच्या घरी बनवलं. खाली रबर चढवलेले दोन लोखंडी दांडे आणि ते फिरवायला कपडे धुण्याच्या मोडक्या मशीनची मोटर. माझ्या पोटात पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व, पोलादाच्या बारीक काड्या आणि काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. इकडे हरणाच्या शिकारीची काडतुसं घरीच भरतात. तीच पुंगळी धुवायची, नवी दारू आणि गोळी भरायची, की पुन्हा तयार.

पहिल्याच खेपेला माझं पाणी काळंकुट्ट निघालं आणि पुंगळ्या सोन्यासारख्या. शेजारचा वेर्नर बघतच राहिला.

"अरे अर्वो, ह्या काय तुझ्या लग्नातल्या अंगठ्या?"

"लग्नातली अंगठी एवढी कधी चमकलीच नाही रे!"

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

आता नीट ऐका. पुंगळी फार वेळा उडाली की बुडाजवळ आतून झिजते आणि मग बंदुकीतच फाटते. म्हणून अर्वो प्रत्येक वापराला तिच्यावर काळ्या शाईने एक रेघ मारायचा. पूर्वी तो पुंगळ्या मक्याच्या भुशात कोरड्याच घासायचा, तेव्हा रेघा टिकायच्या. माझ्या पहिल्या खेपेत एकदाच उडालेल्या, अजून रेघ न मारलेल्या पुंगळ्या होत्या, म्हणून शाईचं काय होतं ते कळलं नव्हतं. शिकारीचे दिवस तोंडावर आले आणि नव्या-जुन्या पुंगळ्या वेगवेगळ्या धुवायचा त्याला कंटाळा आला.

"रेघा आहेत ना? मग टाक एकदम," वेर्नर म्हणाला. "निवडू नंतर."

टाकल्या. बाहेर काढल्या तेव्हा एकीवरही रेघ नव्हती.

"गेली की रे शाई!" अर्वो डोकं खाजवत म्हणाला.

"जाऊ दे. बघ तरी, कोऱ्या करकरीत दिसतायत!"

टोकाला वाकवलेली तार आतून फिरवली असती, तर झिजलेल्या जागी ती अडली असती. एरवी अर्वो ते न चुकता करायचा. त्या दिवशी मात्र चमक बघून भुलला. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, गरम फळीवर पुंगळ्या वाळवल्या, काडतुसं भरली आणि लेकीला, काइसाला दिली.

पुढचं मला अर्वोच्या तोंडून कळलं. गॅरेजच्या फरशीवर बसून तो वेर्नरला सांगत होता. शिकारीच्या पहिल्याच सकाळी, बर्फात, काइसाने बंदूक खांद्याला लावून चाप ओढला आणि पुंगळी बुडापाशी फाटली. जळता धूर आणि पितळेचे कण उलटे तिच्या तोंडावर आले. उजवा डोळा गेला. पोरीची अजून विशीही उलटली नव्हती हो!

वेर्नर निघून गेला. अर्वोने हातोडा उचलला आणि माझ्यावर उगारला. मला घाण काढायला सांगितली, मी घाण काढली. कुठली रेघ ठेवायची हे मला काय ठाऊक? अजून आठवलं की जिवाचा संताप होतो.

तेवढ्यात डोळ्यावर पट्टी बांधलेली काइसा दारात आली.

"बाबा, ठेव तो हातोडा."

"ह्यानेच घात केला तुझा!"

"त्याने धुतलं. बघायचं काम तुझं होतं."

अर्वो हातोडा टाकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिलाही भरून आलं. जरा वेळाने तो उठला आणि तिला घरात न्यायला उजवीकडून जवळ गेला. हात लागताच ती केवढ्यांदा तरी दचकली.

"बाबा, ह्या बाजूने नको ना येऊस. तू दिसत नाहीस मला."

त्यानंतर मोटर कुणी चालू केली नाही. माझ्या काड्या आत गंजून एकमेकींना चिकटल्या आहेत. मित्रांनो, वस्तू घासा, पुसा, लखलखीत करा, पण कुणाच्या हाती देण्याआधी आत डोकावून बघा. ते काम आमच्यावर सोडू नका, आम्हाला ते येत नाही.

गॅरेजच्या खिडकीतून मला रस्ता दिसतो. अर्वो आता नेहमी काइसाच्या डाव्या बाजूने चालतो.