वहिनीचा हेल

स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा सकाळचा उजेड आधी नळावर उतरायचा. नळाच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबात तो क्षणभर थांबायचा. थेंब पडला की ओट्याच्या कडेवर यायचा आणि तिथून उपड्या घातलेल्या भांड्यांच्या बुडांवर ठेचकाळत टेबलापर्यंत पोहोचायचा. त्यात विशेष असं काहीच नव्हतं. समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून आलेला, थोडा पातळ झालेला उजेड होता तो. धुऊन धुऊन विटलेल्या सुती कापडासारखा. पण टेबलावर आला की जरा ऐसपैस बसायचा. दुधाच्या पेल्याची सावली लांब व्हायची, पावाच्या चुऱ्यातला कण न् कण वेगळा दिसू लागायचा आणि टेबलाच्या मधोमध एक चौकोनी तुकडा कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडून राहायचा.

ठकीनं त्या तुकड्यावर वाटी उपडी घातली. थोडा वेळ वाटी दाबून धरली. मग हळूच उचलून पाहिली आणि आपल्या आईकडे, वहिनीकडे, बघितलं.

वहिनीनं डोळे मोठे केले, दोन्ही तळहात हवेत उलटे केले. गेला?

ठकीनं मान हलवली. नाही गेला. पुन्हा वाटी उपडी. हा सगळा व्यवहार एका शब्दावाचून चालला होता. बाहीचं बटण लावत ठकीचा काका दारातच उभा राहिला. काचेपलीकडचं काहीतरी पाहावं तसं त्याला वाटत होतं.

ठकी हे नाव त्यानंच ठेवलेलं. लाकडी बाहुलीसारखी टकमक बघत बसते म्हणून ठकी. तेव्हा ती तान्ही होती आणि सगळे हसले होते. आता तिसरं सरत आलं तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बोट दाखवायची, बाही ओढायची, फारच झालं तर ‘अं’ करायची. कान तपासून झाले होते, कान उत्तम होते. दादा कामानिमित्त बाहेरगावी होता, म्हणून आज वाचा-उपचारवाल्या मॅडमकडे दोघींना घेऊन जायचं काम त्याच्याकडे आलं होतं. लॅबमधून त्यानं अर्ध्या दिवसाची सुटी काढली होती.

“निघूयाऽ का, वहिनी?”

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. शेवटचा स्वर ताणला गेला होता, जिन्याची शेवटची पायरी चढावी तसा वर चढून थांबला होता. तो हेल त्याचा नव्हता. वहिनीचा होता.

वहिनी हसली. दाराशी कायम अडकवून ठेवलेल्या पिशवीसारखं तिचं ते हसू नेहमी तयार असे.

“हो, भाऊजी,” ती म्हणाली. आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट.

*

लॅबमध्ये तो कवळ्या बनवायचा. प्लास्टरच्या साच्यांवर मेणात दात रोवायचे, हिरड्यांना उतार द्यायचा, तासायचं, घासायचं. भोवती फळ्यांवर अनोळखी माणसांचे जबडे उघडे पडलेले असत आणि त्यातला एकही काही बोलत नसे; त्याला ते बरं वाटे. सोबतचे त्याला मौनीबाबा म्हणत. “बाबा, आज कवळीनं तरी दोन शब्द ऐकवले का?” असं एखाद्यानं विचारलं की तो कानापर्यंत लाल होई आणि मेण आणखी खाली वाकून पाही. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की आधी वाक्य मनात तीनतीनदा घडवायचं, आणि ते घडेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा.

वहिनी घरात आली तेव्हाही तसंच झालं असतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं न्हाणीघरातून हाक मारली, “पाणी तापलंऽ होऽ, कुणाचा नंबर?” आणि हा बाहेरून, कसा कोण जाणे, तस्साच म्हणाला, “माझाऽ होऽ!” सगळं घर हसून फुटलंच. आई खुर्चीत मागे कोसळली. दादानं त्याच्या पाठीत धपाटा घातला, “अरे, या मुक्याला वाचा फुटली!” वहिनी दारात आली होती. तिनं तोंडावर हात ठेवला होता. तीही हसत होती.

त्या दिवसापासून त्याला वाट सापडली. वहिनीशी स्वतःच्या आवाजात बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. तिच्या आवाजात मात्र सरसर बोलता यायचं. ‘चहा घेताऽ का’, ‘पाऊस येतोऽ वाटतं’. असल्या चार वाक्यांवर दोघांचं नातं उभं राहिलं. यात कुचेष्टा नव्हती. एखाद्याला लाडाचं नाव ठेवावं तसं होतं हे, असं त्यानं स्वतःला कित्येकदा सांगितलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं. पुढे पाहुणे आले की फर्माईश व्हायची, “ए, वहिनी करून दाखव ना.” तो करून दाखवायचा. ज्या पाहुण्यांच्या नजरेला त्याला एरवी नजर देता येत नसे, ते पोट धरून हसायचे. वहिनी पाण्याचे पेले घेऊन आत यायची आणि ठेवून परत जायची.

ती बोलत नाही, हे पुढे कधीतरी सगळ्यांच्या लक्षात आलं. मुळातच अबोल आहे, असं त्यानंच पहिल्यांदा म्हटलं.

*

मॅडमच्या खोलीत एक बुटकं टेबल होतं, भिंतीला आरसा होता आणि टोपलीत रंगीत पेले. मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. ठकीकडे न बघता त्यांनी एक चेंडू तिच्या दिशेनं घरंगळत सोडला आणि वहिनीला विचारलं,

“दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?”

“मीच. आई शिवणवर्गाला जातात. हे आणि भाऊजी कामावर.”

“बरं. मग काय काय बोलता तिच्याशी? भरवताना, न्हाऊ घालताना?”

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आपल्याला मदतीला बोलावलंय.

“वहिनी मुळातच अबोल आहे,” तो म्हणाला.

“मी त्यांना विचारतेय,” मॅडम म्हणाल्या. रागावून नव्हे.

ठकी चेंडू दोन्ही हातांत धरून तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“घरात सगळे बोलतात,” ती म्हणाली. “आई बोलतात. हे बोलतात. शिकेल ती त्यांच्याकडून.”

“आणि तुम्ही?”

“माझं नको.”

“काय नको?”

“माझं बोलणं तिनं उचलायला नको.” एकेक शब्द तोलून, टोकं कापून ती बोलत होती. “शाळेत जाईल ना उद्या. लोक हसतात.”

मॅडमनी मान डोलावली. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर बसता का?”

बाहेर एक बाक होता. त्यावर तो हात गुडघ्यांत घालून बसला. भिंतीवरच्या एका चित्रात मोठं तोंड उघडलेला मुलगा होता आणि त्याची जीभ कुठे टेकते ते बाणानं दाखवलेलं होतं. कवळ्यांच्या कामामुळे ते त्याला पाठ होतं. बाण मोजून झाल्यावर त्याला कुठूनतरी बोलणं ऐकू येऊ लागलं. एक बाई बोलत होती. चढत, उतरत, मधेच पळत, मधेच एखाद्या स्वरावर झोके घेत. शेजारच्या खोलीत कुणी असावं असं त्याला वाटलं. कुणी का असेना, ऐकत राहावंसं वाटणारा आवाज होता.

“कुठे गेलाऽ गं तो? या पेल्याखालीऽ? नाहीऽ! मग या? अगंबाई, गेलाऽऽ?”

शेजारी खोलीच नव्हती. तिथं भिंत होती आणि पाण्याचं पिंप होतं.

तो उठला. का उठला ते त्याला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं त्यानं ज्याची नक्कल केली होती ते हे नव्हतंच. त्याच्याकडे चार वाक्यांचे साचे होते, पांढरे, कोरडे; आत जे चाललं होतं त्याला लाळ होती, ऊब होती, श्वास होता. त्यानं दार जरासं लोटलं. बिजागरी कुरकुरली.

आवाज थांबला.

ठकी पेला हातात धरून हसत होती. वहिनी पदर सावरत उठली. “झालं, भाऊजी?” असं तिनं विचारलं, जणू तोच कुठेतरी कामात होता.

निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, “कारण एकच नसतं, आणि दोष तर कुणाचाच धरू नका. पण आईनं बोलायला हवं. जसं बोलता तसंच. सुधारून नाही.” हे म्हणताना त्या वहिनीकडे बघत होत्या की त्याच्याकडे, हे त्याला कळलं नाही.

*

परतीच्या रस्त्यावर ठकी त्याच्या खांद्यावर झोपली. वहिनी अर्धं पाऊल मागे चालत होती. तो वाक्य घडवत होता. एकदा घडवलं, मोडलं, पुन्हा घडवलं. साधं होतं ते. वहिनी, तू तिच्याशी बोलत जा. आणि जमलं तर त्याच्यापुढे आणखी एक.

सिग्नलपाशी थांबल्यावर त्यानं तोंड उघडलं.

“वहिनी, तू बोलत जाऽ नाऽ तिच्याशी.”

त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. कवळी नवी असली की माणसाच्या ‘स’ला चार दिवस शिट्टी लागते, मग जीभ सवयीनं जागा शोधते. त्याच्या जिभेनं केव्हाच जागा शोधली होती. वहिनी म्हटलं की ती तिथंच जाऊन बसायची.

वहिनी हसली. तयार हसू.

“तसं नाही,” तो घाईनं म्हणाला. “म्हणजे मला म्हणायचंय की बोल. बोलायला पाहिजे.” हे सपाट निघालं खरं, पण कारकुनानं खिडकीतून ओरडावं तसं.

“हो, भाऊजी,” ती म्हणाली. “सिग्नल सुटला.”

संध्याकाळी आईनं सगळं विचारून घेतलं. सुईत दोरा ओवता ओवता ती ऐकत होती. त्यानं कसंबसं सांगितलं, नकलेचाही विषय काढला.

“छे! काहीतरीच,” आई म्हणाली. “घरातल्या माणसाची गंमत नाही करायची तर काय वाटेवरच्याची करायची? प्रेम आहे म्हणून चिडवतात. माझ्या सासूबाई माझ्या चालण्याची नक्कल करायच्या, बदकासारखी चालते म्हणायच्या. मी काय चालायची थांबले?”

त्यानं खाली पडलेलं दोऱ्याचं रीळ उचलून तिच्यापुढे ठेवलं.

“थांब, तिलाच विचारू. अगं ए! याच्या नकलेचा राग आला होता का गं तुला कधी?”

वहिनी आतून आली. हात ओले होते. “नाही हो, आई. गंमतच ती.”

“बघ,” आई म्हणाली, आणि दाताखाली दोरा तोडला.

वहिनी हात पुसत उभी होती. तिनं आपल्याकडे पाहावं असं त्याला वाटलं, आणि पाहू नये असंही. ती आत गेली.

*

दादा परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे सकाळी टेबलाशी होते. उजेड नळावरून उतरून, भांड्यांना अडखळून टेबलावर येऊन बसला होता. दादा प्रवासातल्या कुणा घोरणाऱ्या सहप्रवाशाची हकिगत सांगत होता, आई “खाऊन घे आधी” म्हणत होती. ठकीनं वाटी उजेडावर उपडी घातली. दाबून धरली. मग उचलली, मान तिरकी करून खाली पाहिलं आणि म्हणाली,

“गेलाऽऽ?”

दादाच्या हातातला पाव तसाच राहिला.

“बोलली!” आई ओरडली. “अगं, बोलली! ऐकलंत का?”

“आणि ऐकलंस का कशी बोलली?” दादा हसत सुटला. “थेट आपल्या आईवर गेली! तस्साच झोका! अरे, शंभर टक्के!”

“हुबेहूब गं बाई,” आई डोळे पुसत हसत होती. “परत म्हण, राणी. परत म्हण बघू.”

ठकी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. इतकी माणसं एकदम आपल्यामुळे हसताना तिनं कधी पाहिली नव्हती. ती बिचकली होती की खूश झाली होती, सांगता येत नव्हतं.

“ए, तू म्हण रे,” दादानं त्याला कोपर मारलं. “तू या हेलाचा उस्ताद! तू म्हटलंस की ती म्हणेल. म्हण, गेलाऽऽ?”

सगळे त्याच्याकडे बघत होते. शब्द त्याच्या जिभेवर आलेलाच होता, चढणीसकट, झोक्यासकट. त्यानं तोंडही उघडलं होतं.

वहिनीनं हात पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर हसूच होतं. ओठांवरचं दूध पुसावं तसा तिनं आपला तळहात ठकीच्या तोंडावर ठेवला, आणि ठेवून दिला.

त्यानं तोंड मिटलं. टेबलावरचा उजेड होता तिथंच होता.

वहिनी या घरात आली तेव्हा खूप बोलायची.