तांबडं फडकं

माझा थोरला लालासाहेब एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटणीतून पेन्शनीवर आला. त्याच्या ट्रंकेत बायकोला साडी नव्हती की आईला घोंगडं नव्हतं. होता एक चामड्याचा फुटबॉल, हवा काढून घडी घातलेला, आणि एक शिट्टी. मी म्हटलं, "देशाची राखण करून एवढंच मिळालं व्हय रं?" तो हसला. हसण्यावारी न्यायला तो पहिल्यापासून हुशार.

आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं. गावाबाहेरच्या गायरानात त्यानं बांबू रोवून गोल केले आणि पोरं गोळा करायला निघाला. भावकीतली पोरं आपसूक आली. पण त्याला तेवढ्यावर भागेना. पलटणीत सगळी एका पंगतीला जेवतात, तर गावात सगळी एका बॉलमागं का पळू नयेत, म्हणाला. बौद्धवाड्यातली पोरं आणायची, मुलाण्याची आणायची, वस्तीवरची आणायची. त्यासाठी दारोदार जाऊन आयांना पटवायला बाईमाणूस पाहिजे, म्हणून मला पुढं घातलं. गावातल्या बायकांशी भांडून परत त्यांच्याच घरचा चहा पिऊन येणारी दुसरी कोण होती?

धनगरवस्तीवरच्या धोंडुबाईचा धुळा मीच मागून आणला. उंच, काटक पोरगं. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं बोलणंही नाही. पण उधळलेलं मेंढरू तो असा आडवा जाऊन अडवायचा की माणसानं काम सोडून बघावं.

धोंडुबाई म्हणाली, "रंगूआक्का, पोरं हसत्यात त्येला. मेंढरं तरी हसत न्हाईत."

"माझ्यादेखत कोण हसतंय बघते. माझ्या पोरांत तुझं पोरगं खेळंल. शब्द दिला, जा."

पहिल्याच दिवशी पोरं हसली. लालासाहेबानं शिट्टी मारली, सगळी थांबली आणि धुळा एकटाच बॉल घेऊन गायरानाच्या टोकापर्यंत पळत गेला. गोल मारून हात वर करून वळला, तर पोरं पोट धरून लोळतायत. मी बांधावर बसले होते. अंगात असा जाळ झाला की भाकरी बांधून आणलेलं तांबडं फडकं सोडलं आणि हात वर करून हलवलं. धुळानं लांबून बघितलं आणि थांबला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

लालासाहेब माझ्याकडं बघतच राहिला. मग शिट्टी खिशात घालून पोरांना म्हणाला, "आजपासनं शिट्टी बंद. आयेनं फडकं वर केलं की थांबायचं, हात कमरंवर. खाली केलं की खेळायचं. सगळ्यांना एकच कायदा."

तेव्हापासून माझं रोजचं काम ठरलं. लालासाहेबानं हात केला की मी फडकं वर करायचं. म्हातारपणी मला शिपाई केला. पण पोरांना अशी सवय लागली की पळताना अर्धा डोळा फडक्यावर. फडकं वर गेलं की अकराच्या अकरा जागच्या जागी खांबासारखी. धुळा सगळ्यांच्या मागं, गोलाच्या तोंडाशी खेळायचा. त्याला ओलांडून बॉल जात नसे. चावडीच्या फळ्यावर लालासाहेब खडूनं संघाची बातमी लिहायचा. मला अक्षरं जेमतेम लागतात, पण त्यातला 'धु' मी लांबून ओळखायची. धोंडुबाई बाजाराला आली की तिला फळ्यापुढं नेऊन दाखवायची. ती पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "ह्येचं नाव लिवलंय? खरं?"

माझे चुलत दीर आकाराम संघाचे अध्यक्ष. बनियनं त्यांनी दिली होती, म्हणून अध्यक्ष. सांगलीत विश्रामबागेला सामने ठरले तेव्हा ते म्हणाले, "वैनी, मुक्याला घेऊन सांगलीत हसं करून घेणार का?"

"भावजी, बोलता येतंय म्हणून तुमी काय उजेड पाडलाय?"

मी एसटीतून पोरांबरोबर सांगलीला गेले. धोंडुबाईनं धुळाच्या डोक्याला तेल चोपडून दिलं होतं. तो सारखा खिडकीकडनं माझ्याकडं वळून फडकं आणलंय ना, ते खुणेनं विचारायचा. मी ओटीत दाबून दाखवायची.

मैदान केवढं मोठं, गवत कापलेलं. आमची पोरं अनवाणी, समोरच्यांच्या पायात बूट. तरी आमच्यांनी त्यांना घाम फोडला. धुळानं तीनदा बॉल असा काढून घेतला की सांगलीची माणसं त्याचं नाव विचारायला लागली. माझी मान केवढी ताठ झाली होती!

आणि मग ते झालं. मैदानाच्या कडेनं एक माणूस हातात तांबडं निशाण घेऊन पळत होता. समोरचा एक गडी पुढं घुसला आणि त्या माणसानं निशाण वर केलं. पंचाला ते पटलं नाही, त्यानं शिट्टी मारली नाही. पण आमची अकराच्या अकरा पोरं थांबली. हात कमरेवर. समोरची पोरं क्षणभर बावचळली, मग त्यांनी आरामात बॉल नेऊन जाळीत टाकला.

सगळं मैदान हसलं. धुळा एकदा त्या निशाणाकडं बोट दाखवायचा, एकदा माझ्याकडं बघायचा. माझं फडकं मांडीवरच होतं.

मध्यंतराला मी लालासाहेबाला धरलं. "एवढी वर्सं पलटणीत खेळलास, कडंला निशाण असतंय ते म्हाईत न्हवतं व्हय?"

"म्हाईत हुतं गं. पर आमी कवा बघिटलंच न्हाई तिकडं. आमी शिट्टीच ऐकली."

त्यानं पोरांना बजावलं, निशाणाकडं बघू नका, शिट्टी ऐका. पोरांनी माना हलवल्या. धुळा त्याच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत होता. त्यानंही मान हलवली.

आकाराम भावजी म्हणाले, "लाला, त्येला भाईर काढ. दहांना तरी कान हायत."

"त्या शिट्टीच्या फुकनीवर जीव हाय तुमचा सगळ्यांचा," मी म्हटलं. "मी बसते कडंला. शिट्टी वाजली की फडकं वर करते."

सामने भरवणारे मधुकर गुरुजी भला माणूस. हात जोडून म्हणाले, "आजी, माफ करा. मैदानाजवळ दुसरं निशाण चालत नाही. तसा नियमच आहे."

लालासाहेबानं माझ्याकडं बघितलं नाही. धुळाच्या दंडाला धरून त्याला माझ्याशेजारी आणून बसवलं.

धुळाच्या अंगावर बनियन होतं. थांबायच्या वेळी सगळी थांबली होती, तसाच तोही थांबला होता. कायद्यात त्याची कसूर नव्हती. मग बाकीचे आत आणि मी बाहेर का, असं तो खुणेनं विचारत होता. सगळ्या गावाशी भांडणारी मी, माझ्याकडं त्याला सांगायला एक खूण नव्हती.

त्याच्या जागेवरून आणखी दोन गोल गेले.

परतीच्या एसटीत पोरं म्हणत होती, मुक्याच्या फडक्यापायी हरलो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बातमी लागली. कप्तान कृष्णातकडून मी वाचून घेतली. "सांगलीत आपला संघ हरला. यापुढं सराव शिट्टीवर होईल."

धुळा पुन्हा आला. शिट्टी वाजली, सगळी थांबली आणि तो पळत राहिला. पोरं पहिल्या दिवशीसारखी हसली. मी फडकं वर केलं, तर लालासाहेब बांधाशी आला.

"आये, ते खाली ठेव. पोरं तिकडं बघत्यात. सवय मोडायची हाय."

"सगळ्यांना एकच कायदा म्हणला हुतास न्हवं? कुटं गेला?"

"सांगलीत आपला कायदा चालत न्हाई, आये."

लालासाहेब वाईट नाही. मोठमोठ्यानं माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खाली बघितलं.

पुढं कृष्णात धुळाला हातानं ढकलून रेघेबाहेर उभा करायला लागला. धुळाला वाटलं हाही काही नवा कायदा असेल. तो रोज यायचा आणि आपण होऊन रेघेबाहेर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. वाट बघायचा. मग यायचा बंद झाला.

मी वस्तीवर गेले. धोंडुबाईनं चहा केला नाही. म्हणाली, "आक्का, तुमी नेलंसा. आता का नको झाला, ते तुमीच त्येला सांगा. मला सांगता येत न्हाई."

दसरा झाला आणि मेंढरं पश्चिमेला निघाली. गायरानाच्या कडेनं कळप जात होता. मैदानात पोरं खेळत होती. कळपामागं धुळा, खांद्यावर काठी, अंगात तेच बनियन. मी बांधावर उठून उभी राहिले आणि फडकं वर केलं.

त्यानं बघितलं. थांबला. काठी खाली टाकली, कमरेवर हात ठेवले.

कळप पुढं गेला. धोंडुबाई लांबून हाका मारत होती, त्या त्याच्या काय कामाच्या! तो माझ्या हाताकडं बघत उभा होता. फडकं खाली आलं की खेळ सुरू, एवढंच त्याला ठाऊक होतं. माझा खांदा भरून आला, तरी मी हात वर धरला. दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला.

हात खाली आला.

त्यानं मैदानाकडं एकदा बघितलं. कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतं. मग त्यानं काठी उचलली आणि मेंढरांमागं चालायला लागला.