बिनविरोध गाव

भुजंगरावांनी अडकित्त्यात धरलेली सुपारी तशीच राहिली.

"थांब जरा," ते म्हणाले. "म्हंजी सगळा कारभार त्याच्याच हातात, आन् त्याला राजा म्हणायचं न्हाई?"

"नाही म्हणायचं," पंचशीला म्हणाली. "त्याच्या आधी रोममध्ये सीझर होता, याला दत्तक घेणारा बाप. तो राजा होऊ बघतोय अशी शंका आली, तर लोकांनी त्याला भर सभेत भोसकला. पोरगं त्यातून शिकलं. त्यानं राजा हा शब्द कधी तोंडातून काढला नाही."

"हुशार निघालं की."

"फार हुशार."

पंचशीला लातूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. गावकुसाबाहेरच्या बस्तीतली पहिली एम.ए. नवा जिल्हा झाल्याच्या आनंदात निलंग्याला व्याख्यानं ठेवली होती, त्यात 'रोमचं प्रजासत्ताक कसं बुडालं' हे एक तिचं होतं. भुजंगराव पहिल्या रांगेत बसून छान झोपलेत, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ते झोपले नव्हते. ती दोन दिवसांच्या सुट्टीवर गावी आली आणि त्यांचा निरोप आला, जरा ओसरीवर येऊन जा म्हणून.

"त्याच्या आधी तिथं काय रीत हुती, ती सांग."

"दोन कारभारी असायचे. दर वर्षी नवे निवडायचे. एकानं हो म्हटलं आणि दुसऱ्यानं नाही, तर काम थांबायचं. फारच मोठं संकट आलं, तर सहा महिने सगळं एकाच्या हातात द्यायचं. संकट टळलं की त्यानं मुकाट्यानं खाली उतरायचं. कित्येक वर्षं माणसं अशी उतरत राहिली. पुढं पुढं मुदत वाढत गेली. सीझरनं तर ती तहहयात करून घेतली."

"आन् ह्या पोरानं?"

"त्यानं सभेत येऊन सांगितलं, माझं काम झालं, सगळं परत देतो. तर सगळी सभा म्हणाली, नको नको, तुम्हीच ठेवा."

भुजंगराव हसले नाहीत. अडकित्ता त्यांनी खाली ठेवला.

"निवडणुका बंद केल्या त्यानं?"

"छे. निवडणुका होत होत्या, कारभारी निवडून येत होते. फक्त कोणी यायचं ते त्याला विचारून ठरायचं."

यावर गावातलं शेंबडं पोरही हसलं असतं, इतकं ते गावाला लागू होतं. बहात्तरच्या दुष्काळाआधी गावचा कारभार पाच पंच बघायचे आणि पाचांची तोंडं पाच दिशांना असायची. दुष्काळात चार विहिरी आटल्या, देवळामागची एकच तेवढी टिकली, आणि तिचं पाणी कोणी आधी भरायचं यावर हे पाच जण चावडीवर एकमेकांच्या अंगावर जात राहिले. गुरं पटापटा मरायला लागली तेव्हा त्यांना घाम फुटला. पाऊस पडेपर्यंत भुजंगराव सांगतील तसं, असं त्यांनीच ठरवलं. भुजंगराव काठी घेऊन विहिरीवर उभे राहिले. पाऊस पडल्यावर त्यांनी चावडीवर येऊन हात जोडले, आता तुमचं तुम्ही सांभाळा म्हणाले. गाव म्हणालं, नको अण्णा, तुम्हीच बघा. तेव्हापासून ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध व्हायला लागली. कोणी उभं राहायचं ते या ओसरीवर ठरे आणि बाकीचे घरी भाकरी खात बसत. आमच्या गावात मतपेटी येत नाही, हे पाहुण्यांना सांगताना गावाची छाती फुगायची.

"गोरगरिबांचं काय झालं गं त्या रोममधी?" भुजंगरावांनी विचारलं.

पंचशीला अडखळली. व्याख्यानात हा भाग तिनं घाईघाईनं उरकला होता.

"त्यांना धान्य मिळालं. मारामाऱ्या थांबल्या. आधीच्या सभेत मूठभर घराण्यांचंच चालायचं, गरिबाला कोणी विचारत नव्हतं. त्यामुळे ते त्याच्याच बाजूनं होते."

"आन् म्हातारा झाल्यावर कुणाला दिलं त्यानं?"

"बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या मुलाला. जवळची सगळी गेली होती. आणि कोणी आडवं आलं नाही. म्हातारा गेला तेव्हा जुनी रीत डोळ्यांनी बघितलेलं माणूसच फारसं उरलं नव्हतं."

अंगणात मोटारसायकल थांबली. भुजंगरावांचा मुलगा लिंबाजी आला होता. गाडीवर बसूनच त्यानं गड्याला दोन कामं सांगितली, पंचशीलाला "कधी आलाव ताई?" म्हणून विचारलं आणि गेला. लिंबाजी वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर गाव कधीच बोललं असतं.

"यंदाच्या निवडणुकीला माझ्या जागी ह्याचं नाव घ्यायलेत सगळे," भुजंगराव हळू आवाजात म्हणाले. "मी कुणाला बोललो न्हाई. आपोआप घ्यायलेत. मी चौघांना म्हणलं, अरे कुणी तरी त्याच्या इरोधात उभं ऱ्हावा. हसले. अण्णा आमची परीक्षा बघायलेत म्हणले." त्यांनी गाडी गेली त्या वाटेकडं पाहिलं. "केरबाला सांग. राखीव जागेवर न्हाई, लिंबाजीच्या जागेवर फार्म भर म्हणावं. पडला तरी हरकत न्हाई. मी डोळे मिटायच्या आत ह्या गावात एकदा मतपेटी आली पायजे."

केरबा म्हणजे पंचशीलाचे वडील. दहा वर्षं ते राखीव जागेवर सदस्य होते. ते बैठकीला ओसरीच्या कडेला बसत आणि सांगतील तिथं सही करत.

"अण्णा, तुमचा निरोप सांगितला तर दादा आत्ता पळत जाऊन भरतील."

"मग?"

"मग ती तुमचीच निवडणूक."

भुजंगरावांनी अडकित्ता उचलला. ते सुपारी कातरायला लागले.

"तर नको सांगू," ते म्हणाले. "माझं नाव घिऊ नको. तुला जमतंय का बघ."

संध्याकाळी ताटावर बसल्यावर पंचशीलानं विषय काढला. केरबांचा घास हातातच राहिला.

"लिंबाजीच्या समोर? मी? डोकं फिरलं का तुझं, पंचा?"

"का दादा? तुम्हाला कारभार कळत नाही?"

"कळन्याचा सवाल न्हाई. तू कालिजात हुतीस औरंगाबादला. तुला काय म्हाईत? त्या पाच जनांच्या राज्यात आपल्या बाया हिरीपासून धा हात लांब घागरी घिऊन बसायच्या. कुनाला दया आली तर वरनं वतायचा. त्या मानसानं काठी आपटून सांगितलं, बस्तीच्या बाया आधी भरतील. पाची जन बघत बसले."

"मी पयली चढले हिरीवर," चुलीपाशी बसलेली तिची आई सरजाबाई म्हणाली. "पोहरा सोडताना हात असे कापायलते."

वर्गात पंचशीला रोमच्या त्या जुन्या सभेसाठी इतकी हळहळायची की मुली वहीत हळहळ उतरवून घ्यायच्या. पण गावच्या त्या पाचांच्या सभेनं तिच्या आईला विहिरीवर चढू दिलं नव्हतं. ज्यानं चढवलं तो एकटाच होता. भुजंगरावांचा राग येत नाही, याचाच तिला राग यायचा.

"आणि लिंबाजीनंतर लिंबाजीचा मुलगा?" ती म्हणाली. "दहा वर्षांत बैठकीत तुम्ही एकदा तरी नाही म्हणालात?"

"नाही म्हनायची येळच आली न्हाई."

"आली नाही का येऊ दिली नाही?"

केरबांनी भाकरी मोडली. अण्णांचीच इच्छा आहे, एवढं एक वाक्य तिच्या ओठावर आलं होतं. त्या वाक्यानं काम फत्ते झालं असतं. तिनं ते भाकरीच्या घासाबरोबर गिळलं. सरजाबाई मात्र चुलीतलं लाकूड सारता सारता म्हणाली, "इतकं सांगायली लेक, तर बघावं की. पान्याची टाकी कुठं बसवायची हेबी त्या पोरानं गाडीवर बसूनच ठरवलं म्हनं."

दुसरा दिवस अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. पंचशीला आंघोळ करून आली तर केरबा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी डोक्यावर ठेवून दारात उभे होते.

"चल," ते म्हणाले. "निलंग्याची गाडी येईल."

तिला इतका आनंद झाला की चपला घालताना डावी-उजवी कळेना. देवळापर्यंत बापलेक भराभर आले. तिथून डावीकडे एसटीचा थांबा. केरबा उजवीकडे वळले.

"दादा, इकडे कुठं?"

"आधी अण्णांच्या कानावर घालू. त्येंनी हाव म्हनलं की झालं. चोरून कशाला जायचं?"

पंचशीला थांब्याकडे बघत त्यांच्या मागे चालू लागली. अण्णा हो म्हणणार होते, आनंदानं म्हणणार होते, आणि दादा हात जोडून, अण्णांची आज्ञा घेऊन निलंग्याला जाणार होते.

भुजंगराव ओसरीवरच होते. खाली लिंबाजी गाडी धूत होता. केरबांनी टोपी काढून हातात घेतली.

"अण्णा, एक इचारायचं हुतं. पोरगी म्हनायली, मी खुल्या जागेवर फार्म भरावा. लिंबाजीरावांच्या. तुमची परवानगी असंल तर…"

भुजंगरावांनी पंचशीलाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, मी काही बोलले नाही अशा अर्थानं. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला होता, तो हळूहळू दगडासारखा झाला.

"न्हाई," ते म्हणाले.

केरबांना नीट ऐकू आलं नसावं. ते तसेच हसऱ्या तोंडानं उभे राहिले.

"न्हाई म्हणलं. परवानगी न्हाई. धा साल पंचायतीत बसवलं, त्येवढ्यानं पोट भरलं न्हाई का तुझं? बहात्तरात पाणी कुणी दिलं? इसरलास?"

लिंबाजीच्या हातातलं फडकं थांबलं. "अण्णा," तो म्हणाला, "असं काय बोलायलाव?"

"तू गप बस. मी पाणी दिलं म्हणून जगले हे. आन् आता माझ्या पोरासमोर उभं ऱ्हायला निघालेत."

केरबांनी टोपी डोक्यावर ठेवली. ती नीट बसली आहे का ते हातानं चाचपलं.

"इसरलो न्हाई, अण्णा," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

पंचशीला मागे राहिली. भुजंगरावांनी सुपारी घेतली होती, पण ती न कातरताच त्यांनी खाली ठेवली. त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. त्यांच्या पाया पडावं असं तिला वाटलं, आणि दादांना असं बोलल्याबद्दल दोन शब्द सुनवावेत असंही तितकंच वाटलं. दोन्ही न करता ती बाहेर पडली.

केरबा पुढे चालले होते. देवळापाशी आल्यावर घराकडं वळतात की काय, म्हणून ती झपाझप त्यांच्यामागं गेली. ते वळले नाहीत, पण उभे राहिले.

"पंचा, त्या हिरीतलं पानी जिमिनीतलं हुतं न्हवं?"

"हो, दादा."

"मग त्येंनी दिलं म्हंजी काय?"

दहा वर्षं उराशी जपलेला माणूस एका सकाळी हातातून गेला होता, आणि ते केरबांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते तसं नाही दादा, अण्णा मुद्दाम बोलले, एवढं म्हणायची देर होती. बापाचं दुःख तिथल्या तिथं पुसलं गेलं असतं. पंचशीलानं हेही वाक्य गिळलं आणि ती बापाच्या मागोमाग थांब्यावर गेली.

गाडी खच्चून भरलेली होती. कंडक्टर जवळ आला तेव्हा तिच्या आधी केरबांनीच "दोन निलंगा" म्हटलं. पुढच्या बाकावर गावातला ग्यानोबा बसला होता. त्यानं मागं वळून इस्त्रीचा सदरा पाहिला.

"कुनीकडं, केरबा?"

"फार्म भरायला. लिंबाजीच्या जागेवर."

आजूबाजूच्या चार माना वळल्या.

"असं व्हय," ग्यानोबा म्हणाला. "अण्णांनी सांगितलं वाटतं?"

"न्हाई," केरबा म्हणाले. "मीच भरायलोय."

पंचशीला खिडकीबाहेर बघत राहिली.