विळीचे दात आणि मी

मी एक जुना धारेचा दगड आहे. मित्रांनो, 'आहे' म्हणतानाही संकोच वाटतो, कारण माझं निम्मं अंग सुऱ्या-कात्र्यांनी कधीच खाऊन टाकलं आहे.

खाणीतून काढून मला गोल घडवलं आणि माझा आताचा मालक खेरिट, त्याच्या वडिलांच्या गाडीवर बसवलं. ही चाकांवरच्या घरात राहणारी, गावोगाव फिरणारी माणसं. डच मुलुखात हार्लेमच्या बाजूला आमची घंटा वाजली की बायका कात्र्या घेऊन धावत येत. मी लावलेली धार तपासून वाहवा करत आणि आम्ही वळलो की दाराची कडी तपासत.

पुढे स्वस्त सुऱ्या आल्या. बोथट झाली की फेकली! त्यात करोना आला आणि खेरिटची बायको गेली. लोक सुरी पायरीवर ठेवून काचेआड उभे राहू लागले. खेरिट पार थकला. "हूफडॉर्प गावची ही गल्ली झाली की फेरी बंद," तो मला म्हणाला. "तुला कुणाच्या तरी बागेत ठेवतो." थकलो मीही होतो, पण बागेत शोभेला बसायचं? छे!

शेवटच्या दारात सुमतीबाई होत्या. लेकाकडे आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. त्यांनी पायरीवर विळी ठेवली. खेरिटने असलं हत्यार जन्मात पाहिलं नव्हतं. टोकाचे खोबरं खवायचे दात पाहून त्याला वाटलं, पातं तुटलंय. ते घासून सपाट करायला त्याने विळी माझ्याकडे वळवली.

"अहो, थांबा! दात आहेत ते!" सुमतीबाई धावल्या आणि त्यांनी त्याचं मनगटच धरलं.

"आई, लांब! दीड मीटर!" सून नीरजा आतून ओरडली.

"दात गेल्यावर तुझं दीड मीटर मला नारळ खवून देणार होतं का?"

मी थांबलो. खेरिटने हात सोडवून घेतला नाही. तो डचमध्ये काहीतरी पुटपुटला. नीरजाने दारात येऊन सांगितलं, "आई, ते म्हणतात, बायको गेल्यापासून कुणी हात धरला नव्हता."

सुमतीबाईंनी तो हात आणखी थोडा वेळ धरला. मग साबण-पाणी आणलं आणि मागोमाग चहा.

त्या संध्याकाळी खेरिटने माझ्या आसाला तेल घातलं. बागेचं नाव काढलं नाही. आम्ही अजून फिरतो.

मित्रांनो, मी आता बशीएवढा उरलो आहे, फार दिवस चालणार नाही. एवढंच सांगतो: फेरीवाला दारी आला तर सुरी पायरीवर ठेवून आत जाऊ नका. त्याच्या हातात द्या.