खिडकीजवळचे जाणकार

मावशीची नोकरी जायला नऊ दिवस उरले होते आणि ती कोणामुळे जाणार हेही ठरलेलं होतं. खिडकीजवळच्या टेबलांवर बसणाऱ्या जाणकारांमुळे.

मावशी ज्या फ्रेंच बिस्ट्रोत मुख्य स्वयंपाकीण होती, त्याचं नाव चार शब्दांचं होतं. मालक ते नाकातून म्हणायचे, गिऱ्हाइकं अंदाजाने म्हणायची आणि स्वयंपाकघरातले लोक त्याला नुसतं 'दुकान' म्हणायचे. बिस्ट्रो म्हणजे मुळात साधी खानावळ, असं मी एकदा मालकांना म्हणाले होते. "ती तिकडची," ते म्हणाले. "आपली वरच्या दर्जाची आहे." दर्जा दिसावा म्हणून पाठ टेकली की रुतणाऱ्या खुर्च्या आणल्या होत्या. मेन्यूची अक्षरं इतकी नाजूक होती की लोक तो हातभर लांब धरायचे, मान हलवत शेवटपर्यंत न्याहाळायचे आणि मग वेटरला हळूच विचारायचे, "यात चिकन कुठंय?"

जेवण झालं की प्रत्येकासमोर एक कार्ड यायचं. वर टेबलाचा नंबर आणि तारीख, खाली दोन ओळी लिहायला जागा. मालक महिन्यातून एकदा ती कार्डं लाल पेन घेऊन वाचत. या वेळी वाचून झाल्यावर त्यांनी मावशीला बोलावलं.

"बाई, लोक नाराज आहेत. वीस तारखेला दुपारी पेपरातल्या त्या जेवणावर लिहिणाऱ्या बाई पुन्हा येतायत. मागच्या वेळी त्यांनी काय लिहिलं ते आठवतंय ना? या वेळीही तसंच लिहिलं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. बघून ठेवलाय म्हणा. पर्यटकांच्या जहाजावर होता."

मावशीने त्या संध्याकाळी कार्डांची पिशवी माझ्या टेबलावर ओतली. मी नुकतीच पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. झाले होते आणि एका प्रयोगशाळेच्या पत्राची वाट बघत घरी बसले होते.

"तू ते आकड्यांचं शिकलीस ना? मग सांग मला, माझ्या हाताला झालंय काय. बावीस वर्षं चुलीपुढे उभी आहे. एका दिवसात कोणी मला डोक्यावर घेतं, कोणी पायदळी तुडवतं. एकाच भट्टीतलं बदक गं!"

तिचं खरं होतं. एकाच दिवसाच्या, एकाच बदकाच्या तंगडीबद्दल अकरा नंबरच्या टेबलावरून कोणीतरी लिहिलं होतं, 'मांस हाडावरून आपोआप सुटलं. पुढच्या वेळी आईला घेऊन येणार.' आणि दोन नंबरवरून, 'थंडगार. हे बदक आहे की मेणबत्ती?' सूफ्ले, म्हणजे अंड्याच्या फेसावर फुगलेलं ते गोड प्रकरण, बारा नंबरला 'ढगासारखं' लागलं होतं आणि एक नंबरला 'साखर पडलेलं ऑम्लेट'. तीन नंबरवर दर गुरुवारी एक गृहस्थ येत. त्यांच्या प्रत्येक कार्डावर एकच वाक्य होतं, 'पॅरिसमध्ये असं नसतं.' एकदा त्यांनी फक्त पाणी पिऊन हे लिहिलं होतं.

मी दोनशे बारा कार्डं टेबलांप्रमाणे लावली. खिडकीजवळच्या एक ते चार नंबरांची अठ्ठावन्न होती आणि त्यांतल्या सत्तेचाळीस जणांनी नाक मुरडलं होतं. मागे, स्वच्छतागृहाच्या बोळाला लागून असलेल्या नऊ ते बारा नंबरांची सहासष्ट होती. तक्रारी पाच, त्यांतल्या तीन स्वच्छतागृहाच्या दाराच्या करकरीबद्दल. एवढा फरक योगायोगाने पडत नाही. मी मोठ्या उत्साहाने तक्ता केला आणि दुसऱ्या दिवशी मावशीबरोबर मालकांपुढे जाऊन बसले.

मालकांनी तक्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! हेच मी इतके दिवस म्हणतोय. खिडकीजवळ कोण बसतं? ज्यांना कळतं ते. बोळाजवळ कोण बसतं? ज्यांना पोट भरलं की झालं. म्हणजे ज्यांना कळत नाही त्यांना तुमचं जेवण आवडतं, बाई, आणि ज्यांना कळतं त्यांना आवडत नाही. हे मी नाही म्हणत, तुमची भाचीच म्हणतेय."

"पण खिडकीजवळ कोणाला बसवायचं हे तुम्हीच ठरवता ना?" मी विचारलं.

"अर्थात. मला माणूस दारातच कळतो. बूट बघून."

बाहेर आल्यावर मावशीने माझ्या हातातला तक्ता घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "मी तुला वकील म्हणून नेलं होतं. तू माझ्याविरुद्ध साक्ष देऊन आलीस."

मला ते झोंबलं. त्याच आठवड्यात मी कॉलेजमधल्या मैत्रिणीकडून लांबूनच तापमान दाखवणारा थर्मामीटर मागून आणला आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या जागेशेजारी उभी राहिले. तिथून झुलत्या दाराच्या गोल काचेतून पलीकडचं दिसायचं. मावशीला ते कधीच दिसत नसे. तिची चूल भिंतीकडे तोंड करून होती.

दाराच्या पलीकडे एक संगमरवरी ओटा होता आणि ओट्यामागे मालक. आठ-नऊ महिन्यांपूर्वी ते अकरा दिवस फ्रान्समध्ये होते आणि तिथल्या कुठल्याशा मोठ्या आचाऱ्याला त्यांनी प्रत्येक प्लेटवर शेवटची नजर टाकताना पाहिलं होतं. तेव्हापासून इथेही 'शेवटची नजर' सुरू झाली होती. फरक एवढाच होता की मालक प्रत्येक प्लेटवर ती टाकत नसत. पाहुणा दारात आला की ते त्याच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर चांदण्या काढत. बिनचांदणीची प्लेट ओट्यावर न थांबता सरळ बोळाकडे जायची. एक चांदणी असली की ओल्या फडक्याने कड पुसायची. दोन असल्या की प्लेट फिरवून तंगडीचं हाड घड्याळातल्या बाराच्या दिशेला आणायचं. तीन असल्या की हे सगळं करून चिमट्याने एक हिरवं पान ठेवायचं, मागे सरून बघायचं, पान उचलायचं, अर्धा अंगुळ डावीकडे ठेवायचं, मग वरून फोटो काढायचा. फोटोत सावली पडली की पुन्हा. स्वयंपाकघरात मालकांना 'चिमटा' का म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

मी घड्याळ लावलं आणि थर्मामीटर घेऊन वेटरच्या मागोमाग टेबलांपर्यंत गेले. भट्टीतून निघताना बदक बहात्तर अंशांवर होतं. अकरा नंबरला ते दीड मिनिटात पोचलं, पासष्टवर. दोन नंबरची प्लेट साडेआठ मिनिटांनी पोचली, एक्केचाळीसवर. सूफ्ले ओट्यावर आला तेव्हा वाटीच्या कडेवर चार बोटं उभा होता. मालक पानाची जागा ठरवत असताना तो त्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसला आणि त्यांनी त्या खड्ड्यात पान ठेवलं.

या दुकानात पाहुणा जितका मोठा, तितकं त्याला शिळं मिळत होतं. आणि तो मोठा असल्यामुळे त्याच्या तक्रारीला वजन होतं.

मोठ्या वेटरला सगळे 'कप्तान' म्हणत. मी त्याला गाठलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? आठ महिने या प्लेटा मीच उचलतोय. आधी फडकं लागायचं, आता नुसत्या हाताने उचलतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणाला, चिमट्याला? त्याला वाटतं मी घाई करतो. मागे एकदा घाई केली तर म्हणाला, तुझ्यात सौंदर्यदृष्टी नाही. आता तुम्हीच सांगा ताई, मी सौंदर्यदृष्टी आणू कुठून? मला दोन मुलं आहेत."

मावशीला सांगितलं तेव्हा तिने चमचा खाली ठेवला. "साडेआठ मिनिटं? मला वाटायचं, पान ठेवतात आणि देतात." मग तशीच एप्रनने हात पुसत ती ओट्याकडे गेली. मी झुलतं दार पायाने उघडं धरून ऐकत राहिले.

"साहेब, प्लेट इथे थांबते. म्हणून थंड होते."

"थंड? मी स्वतः बघतो ना प्रत्येक प्लेट. मला तर कधी थंड दिसली नाही."

"थंड दिसत नसतं, साहेब. हात लावावा लागतो."

"पाहुण्याच्या प्लेटला मी हात लावू? बाई, सगळ्यात मोठ्या पाहुण्याकडे सगळ्यात कमी लक्ष द्या, असं तुम्ही मला सांगताय. कळतंय ना काय बोलताय ते? तुम्ही जास्त गरम करून पाठवा."

"करपेल."

"ते तुमचं खातं," मालक म्हणाले आणि पुढच्या प्लेटवर वाकले.

वीस तारखेला पेपरातल्या बाई एक वाजता आल्या. पन्नाशीच्या, जाड काचांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, पायात चपला. बूट नव्हतेच, त्यामुळे मालक क्षणभर गोंधळले. मग ओळख पटली आणि त्यांनी त्यांना एक नंबरला बसवून चिठ्ठीवर चौथी चांदणी काढली. चौथ्या चांदणीला काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळंच दोनदा केलं.

कांद्याचं सूप अकरा मिनिटं ओट्यावर होतं. वरच्या वितळलेल्या चीजचं तोवर कातडं झालं. बाईंनी चमचा घातला तर तो वर उसळला. त्यांनी काट्याने ते कातडं एका तुकड्यात उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी गोल काचेतून बघत होते. मावशी माझ्या मागे उभी होती.

"काय लिहितेय?"

"एवढ्या लांबून कसं दिसेल?"

"मला दिसतंय," मावशी म्हणाली. "जहाजावरचा माणूस दिसतोय."

बदक तयार झालं. कप्तानने प्लेटकडे हात नेला, पण मावशीने ती आधीच उचलली होती. तिने खांद्याने दार ढकललं आणि ओट्यासमोरून सरळ चालत गेली.

"बाई!" मालक ओरडले. आपण ओरडलो हे लक्षात येऊन त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, पान! पान राहिलं!" चिमट्यात पान धरून ते तिच्या मागे निघाले. बोळाजवळची माणसं खाणं थांबवून बघायला लागली.

मावशीने प्लेट ठेवली. वाफेने बाईंचा चष्मा धुरकटला. त्यांनी तो काढला, पदराने पुसला आणि हाडाला नुसता काटा लावला. मांस सुटून खाली आलं. मग त्यांनी कोणाकडेही न बघता निम्मी तंगडी संपवली. मालक पान धरून तसेच उभे होते.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "सूप पायपुसण्यासारखं होतं. मागच्या वेळचं बदकही. आणि हे असं. स्वयंपाक करतं कोण?"

"मीच," मावशी म्हणाली. "तेव्हाही आणि आजही. साहेबांनी आजपासून पद्धत बदलली. सूप जुन्या पद्धतीने आलं, बदक नव्या. आता कोणाचंच ताट मधे थांबणार नाही, चुलीवरून थेट टेबलावर. तुमच्यासमोरच सुरुवात करायची असं साहेबांचं म्हणणं होतं. हो ना, साहेब?"

मालकांनी पान धरलेला चिमटा पाठीमागे नेला. बाई पेन घेऊन त्यांच्याकडे बघत होत्या. पेपरात नाव छापून यायची वेळ आली की माणसाला बऱ्याच गोष्टी आपणच केल्याचं आठवतं.

"हो," ते म्हणाले. "प्रयोग होता. माझा."

"पॅरिसमध्ये असंच असतं," तीन नंबरवरचे गृहस्थ म्हणाले. त्यांची स्वतःची प्लेट अजून संगमरवरावर होती.

रविवारी लेख आला. त्यात मालकांच्या धाडसाचं कौतुक होतं. त्यांनी तो चौकटीत घालून दाराजवळ लावला. जहाजावरच्या माणसाला नकार कळवला आणि मावशीला म्हणाले, "बाई, तुम्ही राहा. पद्धत चांगली असली की स्वयंपाक कोणीही केला तरी चालतं." ओटा काढून टाकला. चांदण्या मात्र गेल्या नाहीत. आता ते दारातच पाहुण्यांचे कोट उतरवून घेतात. दोनदा झटकतात, बाह्या समोरासमोर आणतात, खुंटीवर टांगून मागे सरून बघतात. खिडकीजवळचे जाणकार दारात पाच-पाच मिनिटं ताटकळतात आणि कार्डावर तसं लिहितात. त्याला मावशीचा इलाज नाही.

लेख मी तिला घरी वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. संपूर्ण लेखात तिचा उल्लेख 'स्वयंपाकघर' असा होता. मला राग आला.

"मिठाबद्दल काही म्हटलंय?" तिने विचारलं.

मी पुन्हा वरून खाली पाहिलं. "नाही. एक शब्दही नाही."

"मग बरोबर पडलं होतं," मावशी म्हणाली आणि पुढची जुडी ओढून घेतली.