दुसऱ्यांदा ओतलेलं मेण

माझी धाकटी जाऊ उन्नती गेली, त्याचा आज दहावा दिवस. तेरा दिवस दिवा विझू द्यायचा नसतो. तिचा नवरा, दिपेशभाऊजी म्हणाले, समईबिमई नको, तिनंच केलेली मेणबत्ती लावू. कामोठ्याच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी जावा मेणबत्त्या करून वाशीच्या दुकानांना द्यायचो. शेवटच्या ऑर्डरमधले चार ग्लास घरात उरले होते.

पहिले दोन मध्येच विझले. तिसरा आज दुपारी विझला. पंखा बंद, खिडकी बंद. दोन बोटं जळायचं, की ज्योत एकदम खाली जायची आणि मेणात बुडायची.

"ती शांत नाय, वहिनी," भाऊजी म्हणाले. "तिला कायतरी बोलायचं हाय." एवढ्या दिवसांत माणूस अर्धा झाला होता. दूध आणतो म्हणून खाली गेले.

मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही. ज्योत का बुडते ते मला पक्कं ठाऊक होतं. गार होताना मेण आकसतं आणि वातीपाशी आत पोकळी राहते. म्हणून सुईनं भोकं पाडून दुसऱ्यांदा मेण ओतायचं असतं. ती गेली त्या दिवशी ऑर्डरच्या घाईत मीच ते करू दिलं नाही. वरून हेअर ड्रायर फिरवला आणि सगळं गुळगुळीत करून टाकलं.

"ताई, वरून कीर्तन, आतून तमाशा," उन्नती हसली होती. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "कसंतरीच होतंय हो. डॉक्टरकडं जाऊ या का?"

"ॲसिडिटी असेल. माल न्यायला टेम्पो येतोय, तो येऊन जाऊ दे, मग जाऊ."

टेम्पो आला तेव्हा ती ओट्याखाली पडली होती. अचानक गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

चौथा ग्लास तरी नीट करावा म्हणून मेण वितळवलं. विणायची सुई वातीशेजारी खुपसली. फस्स करून हवा निघाली आणि तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. मेण ओतलं, ते आत गेलं. पुन्हा ओतलं, तेही गेलं. फार तर दोन चमच्यांची पोकळी, पण पातेलं रिकामं होत आलं तरी मेण वर येईना. ग्लास कुठून गळतही नव्हता.

"काय पाहिजे तुला?" मी ओरडले. मग रडूच फुटलं. "चुकलं गं माझं. तू डॉक्टरकडं चल म्हणालीस आणि मी तुला टेम्पोसाठी थांबवलं."

मेण हळूहळू वर आलं आणि वातीभोवती थांबलं.

मागे पिशवी पडल्याचा आवाज झाला. भाऊजी दारात उभे होते. फरशीवर दूध पसरत होतं. ते आत आले आणि माझ्यासमोर खाली बसले.

"वहिनी, ती बोलली तवा किती वाजले होते?"

"साडेबारा."

"आनि टेम्पो?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"सव्वातीन," मी म्हणाले.