कडूबाची जीप कोनं भरून द्याची?

"काका, पयले कट्टे उतरवा. मंग जॅक लावतो," अश्वजित म्हणाला.

"काऊन? एक बोल्ट तं बसवाचा हाय! बाजार काय माह्यासाठी थांबून राह्यला?" कडूबा गुरकावला अन् समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला.

धाडच्या फाट्यावर अश्वजितचं गॅरेज, म्हणजे वर टिनपत्रे अन् खाली काळी माती. रातच्या पावसानं ती माती लोण्यावानी झालेली. कडूबाची जुनी जीप कांद्याच्या पोत्यांनी गच्च भरलेली, अन् मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचा बोल्ट तुटल्यामुळं एका अंगानं बसलेली. कडूबाची बायको कौशल्याबाई नातीला, डिंपलला, कडेवर घेऊन उभी होती. पोरीला ताप होता, बुलढाण्याच्या डॉक्टरला दाखवायचं होतं.

अश्वजितनं कट्टे न उतरवताच चिखलावर फळी टाकून जॅक लावला अन् आधाराला गाडीखाली विटा रचल्या. बोल्ट बसला अन् फळी कलली. जॅक सटकला, गाडी दाणकन खालच्या विटांवर आली. त्याचा हात थोडक्यात वाचला. वाकून पाहतो तर ब्रेकचा बारीक पाइप विटेच्या कोरीवर दबून चपटा झालेला. फुटलेला मात्र दिसत नव्हता.

"झालं का बे?" टपरीवरून कडूबानं हाळी दिली.

सांगावं तर गाडी अडणार, काका तोंड सोडणार, पाइप कोणी भरून द्यायचा यावरून फाट्यावर तमाशा होणार. पाइप तसाही जुनाच हाय, असं अश्वजितनं मनाला समजावलं. गाडी पुन्हा उचलली, विटा काढल्या.

"झालं," तो म्हणाला.

जीप गेली. हात पुसत तो वळला, तर फळीवर ओले ठिपके. त्यानं बोटावर घेऊन हुंगलं. ब्रेकचं तेल!

त्यानं फोन लावला. कडूबा गाडी चालवताना फोन उचलत नसे. एरवी अश्वजितला त्याचं कौतुक वाटायचं. आज रिंग नुसती जात राहिली. त्यानं मोटरसायकलला किक मारली.

पुढं नाल्याचा उतार होता. रस्ता सरळ खाली, तळाशी अरुंद पूल, पुलाच्या तोंडाशी यष्टीची वाट पाहणारी माणसं. गाडीत चढताना डिंपलनं त्याला टाटा केला होता. तो इवलासा हात सारखा डोळ्यांपुढं हलत होता. कोणाला हाक मारावी तेही सुचेना.

उताराच्या तोंडाशीच त्यानं जीप गाठली. हॉर्न वाजवत बाजूला आला.

"मजुरी राह्यली का बे? संध्याकाळी देतो ना!" कडूबा ओरडला.

"काका, ब्रेक गेला! गेर टाका, पयला गेर!"

कडूबाचा पाय सवयीनं ब्रेकवरच गेला. पायटा पार तळाला टेकला.

"लागून नाई राह्यला बे!"

जीप उताराला लागली. तिच्या हँडब्रेकचा तर कधीचाच निकाल लागलेला. गेर खरखरला, गाडी थोडी हळू झाली, पण मागून कांद्याचं वजन रेटत होतं. खाली पुलाजवळची माणसं दिसू लागली.

"वावरात घाला, काका! वावरात!"

कडूबानं स्टेअरिंग वळवलं. जीप रस्ता सोडून नांगरलेल्या वावरात घुसली, बांधाला धडकली अन् चिखलात रुतली. कट्टे फुटले, कांदे गडगडत गेले. मग काहीच आवाज नाही. अश्वजित मोटरसायकल टाकून धावला.

अन् डिंपल रडली. रडणं ऐकून त्याच्या जिवात जीव आला.

माणसं धावत आली. कोणाला फार लागलं नव्हतं, पण बंपर वाकला होता, रेडिएटर फुटला होता. वावराचे मालक अर्जुनराव म्हणाले, "दुरुस्तीले देल्ली गाडी मोडून देल्ली, तं भरन कोन? मेकॅनिकच!"

"पाइप जुना असन त्याचा," दुसरा एक म्हणाला. सुटायला वाट होती.

अश्वजितनं मान खाली घातली. "पाइप दबला हे मले मालूम होतं. मी सांगतलं नाई. भ्यालो."

कडूबानं त्याची गचांडी धरली. "माही नात होती बे गाडीत!" अश्वजितनं सोडवून घेतलं नाही.

"सोडा त्याले," कौशल्याबाई पोरीला छातीशी धरून म्हणाली. "त्यानं लपवलं, हाव. पन कट्टे उतरवा म्हने, तवा तुम्हीच गुरकावले ना? पाइप आन मजुरी त्याची. रेडिएटर, बंपर दोघायचा. कांदे गेले ते आपले." मग ती अश्वजितकडं वळली. "आन गाडी दुरुस्त झाली का या उतारावून पयले तू आनजो. मंगच माही नात तिच्यात बसन."

कडूबानं हात सोडला. तेवढ्यात यष्टी आली अन् कौशल्याबाई डिंपलला घेऊन बुलढाण्याला गेली.

डिंपल बरी झाली, जीपही झाली. सपाट रस्त्यावर अश्वजितनं ब्रेक दाबदाबून पाहिला होता, तरी उताराच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली. तो एकटाच जाणार होता. पण दार उघडून कडूबा शेजारी येऊन बसला.

"तुम्ही काऊन, काका?"

"माही बी चूक होती ना. चाल."

जीप खाली निघाली. पूल जवळ आला, माणसं वळून पाहू लागली. अश्वजितनं श्वास धरून ब्रेक दाबला. जीप पुलाच्या अलीकडं, जागच्या जागी थांबली.

पुलावरची माणसं आपल्या वाटेला लागली. मागून एक जीपवाला हॉर्न देऊ लागला.

"थांबली बे गाडी," कडूबा हळूच म्हणाला. "आता तं पाय सोड."

"सोडतो, काका," अश्वजित म्हणाला. पण पाय काही केल्या उचलेना.